एक्स्चेंजबाई फायबर निवडतात

"तारेचं काम ना? मग ते माझ्यावर सोडा!"

एक्स्चेंजबाईंनी जेवता जेवता असं जाहीर केलं, तेव्हा मुलाने आणि सुनेने एकमेकांकडे पाहिलं. पण बोलणार कोण? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बाईंनी हजारो माणसं एकमेकांना जोडून दिली होती. सोसायटीत त्यांचं खरं नाव कुणाला आठवतही नसे.

तीन आठवडे घरातलं नेट गोगलगायीला लाज आणत होतं. सात वर्षं घरी काढून सुनेने पुन्हा नोकरीसाठी अर्ज केला, मुलाखत लागली आणि पडद्यावर ती जी 'आ' वासून थिजली ती पाच मिनिटं तशीच! कंपनी भली म्हणून गुरुवारी अकराची दुसरी वेळ मिळाली. मोबाईलच्या नेटचा भरवसा नव्हता. या घरात ते खिडकीबाहेर हात काढला तरच येई.

बाईंनी वही उघडली. तीन कंपन्यांचे विक्रेते एकाच वेळी बोलावून सोफ्यावर ओळीने बसवले.

"शंभर एमबीपीएस, मॅडम!" पहिला म्हणाला.

"आमचे दोनशे!"

"आमचे तीनशे!"

"लिलाव मांडलाय का? तार कुठल्या खांबावरून आणणार? बिघडली तर माणूस किती तासांत येणार?"

तिघेही पंख्याकडे बघू लागले. शेवटी तिसरा पुटपुटला, "विचारून सांगतो, आजी." हा निदान थापा मारत नाही, म्हणून बाईंनी त्यालाच पसंत केलं. गुरुवारी सकाळी माणूस पाठवायचं त्याने कबूल केलं.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर! पण बाईंनी जुन्या कंपनीला फोन लावला. "गुरुवारी साडेदहाला आमची लाइन तोडा. एक मिनिट उशीर झाला तर तुमच्या साहेबांच्या साहेबांपर्यंत जाईन!" शिवाय जिन्यात, वरच्या मजल्यावरच्या शिंपीदादांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "काही लोक दुसऱ्याचं नेट फुकट वापरतात हो!" शिंपीदादा मान खाली घालून निघून गेले.

गुरुवारी सव्वादहाला तंत्रज्ञ आला. "जुना राउटर कुठाय?"

बाईंनी कोपऱ्यातलं क्रोशाचं आवरण कौतुकाने दाखवलं. त्यांच्या काळी फोन म्हणजे घरातलं दैवत! त्याला विणलेलं आवरण, डायलला चिमुकलं कुलूप. त्याने आवरण उचललं. खाली झाकण लावलेला स्टीलचा डबा.

"आजी, हे काय?"

"पिठाचा डबा आहे. घासून पुसून घेतलाय! मागून भोक पाडून तारा काढल्या. धूळ बसत होती रे, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी..."

तीन आठवडे. बाईंचे शब्द बाईंच्याच कानावर पडले. दारात सून उभी होती.

तंत्रज्ञाने राउटर बाहेर काढला. मोबाईलवरचा आकडा सरसर चढला. "स्टीलमधून सिग्नल बाहेर पडणार कसा? आता बघा, हे तर पळतंय की! नवं कशाला हवंय?"

तेवढ्यात राउटरचा दिवा लाल झाला. साडेदहा! जुन्या कंपनीने एक मिनिटसुद्धा उशीर केला नव्हता.

"अरे, मग तुझी तार जोड पटकन!"

"मी तार किती लागेल ते फक्त मोजायला आलोय, आजी. जोडायला चार दिवस."

सुनेने घड्याळाकडे पाहून लॅपटॉप मिटला. बाई उठल्या. वरच्या मजल्याला सोळा पायऱ्या आहेत, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"शिंपीदादा, परवा जिन्यात जे बोलले ते चुकलं माझं. नेट डब्यात होतं. मीच ठेवलं होतं. आता सूनबाईची मुलाखत आहे, तुमच्याकडे..."

शिंपीदादांनी टेप गळ्यातून काढली. "वापरा की. फुकट आहे."

मग त्यांनी दोन्ही शिलाई मशिनं बंद केली, टेबलावरचे अर्धवट शिवलेले कपडे उचलले आणि सुनेसाठी खुर्ची पुसली. बाई बाहेर पायरीवर बसून राहिल्या. येणारे-जाणारे विचारत, "काय बाई, इथे कशा?" ज्यांनी आयुष्यभर लोकांना 'लाइन व्यस्त आहे' असं ठणकावून सांगितलं, त्या आज तेच पुटपुटून पाय जवळ घेत.

सोमवारी नोकरीचं पत्र आलं. बाईंनी हायसं वाटून डबा भंगारात काढला, तर सुनेने तो अडवला.

"राहू दे हो आई, लागेल मला."

"काय ठेवणारेस त्यात?"

"माझी मीटिंग चालू असेल ना, तेव्हा तुमचा मोबाईल."