रुबेनबाबूंचे ठिपके

कुठलाही शब्द तावडीत सापडला, की रुबेनबाबू आधी त्याची हाडं मोजत. नंदुरबार स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं, त्यामुळे ही मोजणी नऊ वर्षं माझ्या माथी आली.

ते अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. अख्ख्या नंदुरबारात त्यांच्या धर्माची माणसं दोनच, ते आणि त्यांची बायको साराबाई. घरात मराठी बोलत. प्रार्थना मात्र हिब्रूत. ती भाषा बाबू मुंबईहून पुस्तकं मागवून शिकले होते आणि मला शिकवल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे.

"तीन हाडं आणि एक साचा, संपलं," ते म्हणत. ग, द, ल ही मूळ व्यंजनं म्हणजे मोठेपणाची हाडं. साच्यात घातली की मिग्दाल, म्हणजे मनोरा. त्याच साच्यात राहण्याची हाडं घातली की मिश्कान, म्हणजे निवास. लिहिण्याची घातली की मिख्ताव, म्हणजे पत्र. सिग्नलच्या केबिनला ते मिग्दालच म्हणत आणि आमचा सांधेवाला, खरंच सांगतो, त्या नावाला ओ देई. मी कापसाच्या गाठी मोजता मोजता मान डोलवायचो. मध्येच आकडा विसरायचा, की पुन्हा पहिल्या गाठीपासून.

शनिवार त्यांच्या धर्मात विश्रांतीचा; त्या दिवशी ते लेखणीला हात लावत नसत, म्हणून त्यांची पाळीही माझ्याच गळ्यात. तेव्हा घरी बसून ते काय करत, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सोमवार त्यातच गेला असता.

ठिपक्यांवर त्यांचा विशेष राग. हिब्रूत लिहितात ती नुसती व्यंजनं. स्वर कळावेत म्हणून त्यांच्या खाली-वर ठिपके आणि बारीक रेघा देतात. पण ते शिकाऊ लोकांसाठी. त्यांच्या पवित्र गुंडाळीत म्हणे एकही ठिपका नसतो. ठिपके धरून वाचणाऱ्याला बाबू 'पांगुळगाडेवाला' म्हणत.

मग साराबाई तापाने गेल्या. वर्षाच्या दिवशी अलिबागहून नातेवाईक येणार होते आणि तोवर थडग्यावर दगड उभा राहायला हवा होता. बाबूंनी मजकूर स्वतः कागदावर लिहून धनजी पाथरवटाला दिला. तीन दिवस उरले असताना ते मला उन्हातून ओढत दगड बघायला घेऊन गेले. अक्षरं सुरेख उतरली होती. बाबूंचा चेहरा मात्र पडला. एकही ठिपका नव्हता.

"माले वाटनं, शाईना शितोडा शेतस," धनजी म्हणाला. कागदावर बाबूंनी दिलेले ठिपके त्याने शाईचे शिंतोडे समजून सोडून दिले होते. आता नावाखाली छिन्नी लावली तर दगड तडकेल आणि तीन दिवसांत दुसरा होणार नाही, हेही त्याने सांगून टाकलं.

मी पार कंटाळलो होतो. म्हटलं, बाबू, तुमचे लोक जाणते आहेत, असंच वाचतील. इथे पांगुळगाडा कुणाला हवाय?

ते दगडाशेजारी खाली बसले.

"तिला हवाय. शनिवार-शनिवार करून शिकवलं मी तिला. ठिपक्यांवर बोट ठेवून वाचायची, तेवढंच यायचं. मी हसायचो. स्वतःच्या थडग्यावरचं नाव तरी तिला वाचता यायला नको का?"

मला माझीच लाज वाटली. धनजीने पिशवीतून सगळ्यात बारीक छिन्नी काढली. बाबूंनी दगड दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि प्रत्येक घावाबरोबर ते तिचं नाव वाचत गेले, अडखळत, एकेक अक्षर जुळवत.