पहिले दोन सेंटिमीटर

सहाव्या दिवशीही धाकटा सायकलवरून उतरला तो कंबर धरूनच. वाकड्या हँडलची ही हलकीफुलकी रोड बाइक ताईने त्याला नोकरी कायम झाल्याबद्दल घेऊन दिली होती. दुकानदाराने बजावलं होतं, “मापात बसली नाही तर आठवड्याच्या आत परत आणा.”

परत करायची म्हणजे ताईचं मन मोडायचं. त्याचंही मोडलं असतं, कारण पहिल्याच उतारावर तो सायकलच्या प्रेमात पडला होता.

तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना मापं घ्यायला शिकवायचा. त्यामुळे त्याने जांघेपासून टाचेपर्यंत पाय तीनदा मोजला, सरासरी सूत्रात घातली आणि सीटची उंची मिलिमीटरपर्यंत ठरवली. तिन्ही मापं तंतोतंत सारखी, म्हणून स्वारी निर्धास्त. पण पहिल्या दिवशी गुडघ्यांमागच्या शिरा ताणल्या. सीट पुढे सरकवली, तर मनगटं ठणकली. हँडल वर घेतलं, तर कंबर धरली. दुखणं खोल्या बदलत होतं, घर काही सोडत नव्हतं.

“सीट खाली घेऊन बघ ना,” ताई म्हणाली.

“आकडा बरोबर आहे. मीच चुकीचा बसत असेन.”

“अरे, सायकलवर तू बसतोस की आकडा?”

सातव्या सकाळी तिनेच सायकल दाराबाहेर काढली. “चल, देऊन येऊ. असं कण्हायला नव्हती दिली मी.”

शिवणयंत्रावरून आई उठून आली. अख्ख्या गल्लीचे कपडे तीच शिवायची. “नेण्याआधी एकदा चालवून दाखव.”

त्याने कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारली. नवा शर्ट घातलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं, तसं तिने त्याच्याकडे बघितलं.

“प्रत्येक पॅडलला कंबर झुकतेय तुझी. पाय पुरत नाहीत. मोजलास कशाने?”

“तुझ्याच टेपने. मशीनच्या खणातल्या.”

आईने कपाळाला हात लावला. “तिचं टोक झिजलं होतं. पहिले दोन सेंटिमीटर मी कधीच कापून टाकलेत.”

“मग तू मापं कशी घेतेस?”

“मनात दोन वजा करते. वीस वर्षं झाली.”

दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर ‘आधी शून्य तपासा’ लिहिणाऱ्या धाकट्याने खणातून टेप काढून बघितली. ती दोनपासूनच सुरू होत होती. ताई हसत हसत पायरीवरच बसली. मग तिनेच पाना आणून दिला.

सीट खाली आली. दुपारी तो घामाघूम होऊन परतला, तेव्हा अंगात कुठेही, काहीही दुखत नव्हतं. “ताई, ठेवतोय गं सायकल,” एवढंच त्याला म्हणता आलं. आईचे उपकार फेडायला संध्याकाळी त्याने करकरीत नवी टेप आणली. शून्यापासून सुरू होणारी. जुनी तिने त्याच्यासमोरच टाकून दिली.

पुढच्या आठवड्यात तो फिरून आला, तर आई खाली मान घालून शिवण उसवत बसली होती. शेजारी चार शर्ट आणि दोन फ्रॉक.

“काय झालं?”

“सगळ्यांना घट्ट होतायत. एक गिऱ्हाईक म्हणालं, श्वास घेतला की बटण जातं.” ती घुटमळली. “टेप छान आहे रे. हात ऐकत नाही. सवयीने दोन वजा करतोच.”

“मग सांगायचंस ना.”

“एवढ्या प्रेमाने आणलीस.”

धाकट्याने टेप टेबलावर सरळ ताणली, दोनच्या रेघेवर कात्री ठेवली, तीनदा तपासलं आणि कापली.