निकमबाई हजेरी घेतात

कार्यक्रमाआधी गाणारे घसा खाकरतात, तबलजी हातोडी शोधतात, गिटारवाले तारा पिळत बसतात. निकमबाई हजेरी घेतात.

हजेरी म्हणजे खरोखरची हजेरी. गळ्यात लालभडक अ‍ॅकॉर्डियन, नाकावर चष्मा, हातात दोनशे पानी वही. पहिल्या टेबलापासून सुरुवात. "आपलं नाव?" समोरचा माणूस कॉफीचा कप तोंडाला लावता लावता थांबतो. नाव सांगतो. "आडनाव?" तेही सांगतो. बाई लिहून घेतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. सगळं कॅफे संपलं की वही बंद करून म्हणतात, "एकवीस. बसा. सुरू करू."

एकदा मी धीर करून विचारलं, "बाई, हे कशाला?"

"समोर कोण बसलंय ते माहीत नको? मग वाजवायचं कुणासाठी, भिंतीसाठी?"

पुढे बोलायची सोय नव्हती. कारण बाईंनी मला सातवी ब मध्ये गणित शिकवलेलं आहे, आणि मला किती मार्क पडले होते ते त्यांना अजून पाठ आहे.

मी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासतो. सहा वर्षांपूर्वी बाई नंबर काढायला आल्या. मी समोर अक्षरांचा तक्ता लावला. त्यांनी तो वाचलाच नाही. कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या गिटारकडे बघत म्हणाल्या, "अहिरे, हे कुणाचं?" मी म्हटलं, माझं. "येतं?" म्हटलं, थोडंफार. "थोडंफार म्हणजे किती? वाजव." दुकानात दोन गिऱ्हाईकं खोळंबली होती. मी वाजवलं. बाईंनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, "चूक तीन ठिकाणी. बरं आहे. माझ्याकडे अ‍ॅकॉर्डियन आहे."

ते अ‍ॅकॉर्डियन शाळेच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून होतं. बाई निवृत्त झाल्या तेव्हा मुख्याध्यापक शाल-श्रीफळ घेऊन उभे राहिले. बाईंनी माइकवरून सांगितलं, "शाली माझ्याकडे नऊ आहेत. द्यायचंच असेल तर कपाटातलं ते वाद्य द्या." सभागृहात कुजबूज झाली, बाईंना वाजवता येतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असणार कसं? येतच नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या शून्यापासून शिकल्या, आणि शिकल्या त्या गणितासारख्या. रोज एक उदाहरण, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

आमच्यातला तिसरा फारूक शेख. दिवसा फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करतो, शनिवार-रविवारी लाकडी खोक्यावर बसून तो खोकाच वाजवतो. बाई त्याला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "शेख, बाकावर बसतात, बाक वाजवत नाहीत." त्याने दोन मिनिटं ठेका धरून दाखवला. बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "माझ्या वर्गात हे केलं असतंस तर बाहेर काढलं असतं. आता आत ये."

असे आम्ही तिघं. आमची पहिली जागा गंगापूर रोडवरचं एक छोटं कॅफे. रविवारी सकाळी अकरा वाजता. पहिल्या रविवारी पाच माणसं होती. त्यातले दोघं लॅपटॉपमध्ये, एक फोनवर. उरलेलं जोडपं कोपऱ्यात डोक्याला डोकं लावून बसलेलं. बाईंनी पाचही जणांची हजेरी घेतली आणि जाहीर केलं, "हे पहिलं गाणं कोपऱ्यातल्या सोनवण्यांसाठी आणि त्यांच्या मिसेससाठी."

सोनवणे ताडकन उठला. "मॅडम, या मिसेस नाहीयेत."

"बरं, मग होतील. शेख, ठेका दे."

मुलगी अशी हसली की कॉफी नाकातून आली. लॅपटॉपवाल्यांनी लॅपटॉप मिटले. पुढच्या रविवारी ती दोघं परत आली, सोबत चार मित्र घेऊन. बाईंनी दारातच ओळखलं. "या सोनवणे. मागच्या वेळी चौथ्या गाण्याला उठून गेला होतात. का?" बिचाऱ्याने पार्किंगचं कारण सांगितलं. महिनाभरात कॅफेत बसायला जागा उरेना. लोक गाण्यासाठी येत होते की आपलं नाव घेतलं जावं म्हणून, ते मला अजून सांगता येणार नाही. सोनवण्यांच्या लग्नात मात्र वाजवायला आम्हीच होतो, आणि बाईंनी हजेरी भटजींपासून सुरू केली.

नाशकात आमच्यासारख्या छोट्या जागी वाजवणाऱ्यांची एक मंडळी आहे. दर सोमवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलात जमायचं आणि आठवडाभराचे अनुभव सांगायचे. पूर्वी सगळे एकदम बोलत. बाई आल्यापासून हात वर करावा लागतो. एक बासरीवाला सांगतो, मोबाइलच्या दुकानाचं उद्घाटन होतं, त्याला वाजवायला उभं केलं ते नेमकं रिंगटोन ऐकवायच्या काउंटरशेजारी. एक गायिका सांगते, सोसायटीच्या हळदीकुंकवात ती आलाप घेत होती आणि दर आलापाला मागून कुणीतरी ओरडत होतं, "तिळगूळ संपला का?" बाई तर्री न घेता मिसळ खातात आणि प्रत्येक किस्सा संपला की विचारतात, "मग तू काय केलंस?" झालं ते सांगून सुटका नाही. आपण काय केलं ते सांगावं लागतं. त्या गायिकेने मान्य केलं की तिने "संपला" हे त्याच आलापात गाऊन टाकलं. बाईंनी टेबलावर थाप मारली. "शाब्बास! याला म्हणतात उत्तर."

बाईंचं स्वतःचं उत्तर आम्ही दिंडोरीला ऐकलं. द्राक्षं उतरायचे दिवस होते. एका वायनरीत दुपारी पाहुण्यांसमोर वाजवायचं होतं. तिथला मॅनेजर टाय घातलेला, गोड बोलणारा. म्हणाला, "मॅडम, एकदम सॉफ्ट ठेवा. म्हणजे गाणं चालू आहे हे गेस्टना कळलंसुद्धा नाही पाहिजे."

बाई म्हणाल्या, "कळू नये असंच वाजवायचं असेल तर पंखा लावा."

आणि वही काढली. मी मनात म्हटलं, गेलो आपण. समोर मुंबईहून आलेली चाळीस माणसं, बहुतेकांचा तिसरा ग्लास. पण पहिल्याच माणसाला नाव विचारल्यावर तो खाडकन उभा राहिला आणि ओरडला, "प्रेझेंट, मॅडम!" त्यानंतर लाटच आली. एकेक जण उठून, पाय जुळवून हजेरी देऊ लागला. एका टकल्या गृहस्थांनी शेजाऱ्याची खोटी हजेरी लावली. बाईंनी जागेवर पकडलं. "ते बाथरूमला गेलेत, मी पाहिलंय. तुम्ही उभेच राहा." ते गृहस्थ पहिली दोन गाणी खरंच उभे राहिले, आणि तिसऱ्याला नाचू लागले. मग सगळेच नाचले. मॅनेजरने टाय सैल केला. निघताना तो बाईंना म्हणाला, "पुढच्या महिन्यात परत याल?" बाईंनी त्याला विचारलं, "तुमचं नाव राहिलंच. काय?"

परतीच्या वाटेवर, फारूकच्या गाडीत, निकाल. "शेख, दहापैकी सात. तिसऱ्या गाण्यात घाई. अहिरे, साडेपाच." मी विचारलं, "बाई, तुम्हाला किती?" तर म्हणाल्या, "परीक्षक स्वतःचा पेपर तपासत नाहीत."

अशा सगळ्या मजेत चांदवडचं बोलावणं आलं. महामार्गापासून आत एक मळा. कारभारी गांगुर्डे म्हणून एक म्हातारबाबा, सगळे त्यांना बापू म्हणत, त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली होती. कांद्याच्या चाळीशेजारी मांडव घातलेला, एका बाजूला चुलीवर मोठाली पातेली. बापूंचा मुलगा, प्रकाश, आम्हाला घ्यायला बांधापर्यंत आला. "या म्याडम. बापूंसाठीच ठेवलंय बघा. लय नाद होता त्यांना भजनाचा. गावातला पहिला आवाज त्यांचा."

आम्ही मांडवात गेलो तेवढ्यात जेवणं वाढायला घेतली. अख्खा मांडव उठून पंगतीकडे गेला. समोर शंभरेक रिकाम्या खुर्च्या आणि पहिल्या रांगेत, पांढऱ्या टोपीत, एकटे बापू. बाई वही घेऊन त्यांच्यासमोर गेल्या.

"आपलं नाव?"

बापू हसले. बोलले नाहीत.

"नाव सांगा ना, बाबा."

बापू तसेच हसत राहिले. पाण्याचा तांब्या घेऊन आलेली त्यांची सून घाईने म्हणाली, "बाई, त्यांना ऐकू येत नाय. चार वर्षं झाली. मशीन लावलं, पण काय उपयोग नाय."

ज्या माणसासाठी वाजवायचं त्याला ऐकूच येत नाही, आणि ज्यांना ऐकू येतं ते सगळे जिलबीच्या पंगतीत. फारूकने माझ्याकडे बघितलं. मी हळूच म्हणालो, "बाई, सगळे जेवून येईपर्यंत थांबू या का?"

बाईंनी वहीत लिहिलं, कारभारी गांगुर्डे. खाली रेघ मारली. "एक. सुरू करू."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बापूंच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी ठेवली. बसल्या. बापूंचा हात धरला, आणि तळवा अ‍ॅकॉर्डियनच्या लाकडी अंगावर टेकवला. मग भाता उघडून एक लांब, खालचा सूर धरला.

बापूंनी चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. बाईंनी सूर सोडला नाही. बापूंनी वाद्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि हात पुन्हा ठेवला, या वेळी स्वतःहून. बाई एक साधं भजन वाजवू लागल्या. मी आणि फारूक हळू मागून आलो. बापूंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचा दुसरा हात मांडीवर पडू लागला. फारूक माझ्या कानाशी म्हणाला, "अरे, ठेका बरोबर आहे. माझ्यापेक्षा बरोबर."

आणि बापू गायला लागले.

आवाज मोठा होता. ऐकू येत नसल्यामुळे किती मोठा हे त्यांना कळत नव्हतं. त्यांची पट्टी आमच्या पट्टीपासून कुठल्या कुठे लांब, आणि भजनही वेगळंच. बाईंची बोटं पट्ट्यांवरून धावली, बापूंचा सूर शोधू लागली. "अहिरे, वर सरक. अजून. हां, इथे!" मी गिटारच्या मानेवरचा, पट्टी बदलायचा चिमटा सरकवत त्यांच्यामागे. सातवीत गणित जमलं नाही, पण त्या दिवशी तो हिशेब जमला. बापू थोडे खाली उतरले की बाई उतरत. बापू एक ओळ विसरले आणि थांबले, तेव्हा बाईसुद्धा सूर धरून थांबल्या, ओळ आठवेपर्यंत.

पंगत उठली. हातात पत्रावळी तशाच धरून माणसं मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली. कुणीतरी घरातून टाळ आणले. दोन म्हातारे बापूंशेजारी येऊन बसले आणि धृपद उचललं. पोरीबाळी टाळ्या वाजवू लागल्या. स्वयंपाकी झारा हातात घेऊन आला. प्रकाश खांबाला धरून उभा होता, डोळे पुसायचं त्याच्या लक्षातच नव्हतं. "चार वर्षांत तोंड उघडलं नव्हतं हो त्यांनी," तो ज्याला त्याला सांगत होता. त्यानंतर तासभर आम्ही आमचं एकही ठरलेलं गाणं वाजवलं नाही. बापू गायचे, आम्ही मागे जायचो.

निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडीत बाईंनी निकाल लावला नाही. शेवटी फारूकनेच विचारलं, "बाई, बोटं अशी पळतात तुमची. घरी रोज किती तास वाजवता?"

"घरी वाजवत नाही."

"मग रियाज?"

"सकाळी बागेत. बाकावर बसून. फिरायला येणारी माणसं असतात."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. आम्हाला वाटलं, संपलं बोलणं. पण त्या स्वतःहूनच पुढे म्हणाल्या, "सुरुवातीला वाजवायचे घरी. हे गेले त्यानंतरचं वर्ष होतं. मुलगी तिकडे बंगळूरला. वाजवताना काही वाटायचं नाही. गाणं संपलं की मात्र... काहीच व्हायचं नाही, रे. कुणी खोकत नाही, कुणी खुर्ची सरकवत नाही, बरं-वाईट काही म्हणत नाही. ते मला जमेना. दोन महिने केलं आणि सोडलं."

फारूकने गिअर बदलला. मग बाईच म्हणाल्या, "शेख, समोर बघून गाडी चालव."

पुढच्या बुधवारी आमचा सराव नेहमीप्रमाणे फारूकच्या दुकानामागच्या खोलीत होता. मंगळवारी फारूकने बाईंना फोन केला. म्हणाला, खोली सहा फ्रिजनी भरली आहे, पाय ठेवायला जागा नाही, तुमच्याकडे चालेल का? फ्रिज एकच होता. बाई थोडं थांबून म्हणाल्या, "या. साडेपाचला. उशीर नको."

आम्ही पाच पंचविसाला दारात. दार उघडंच होतं. हॉलमधला सोफा भिंतीकडे सरकवलेला, मधोमध तीन खुर्च्या, तीन पेले पाणी, आणि स्वयंपाकघरातून साबुदाण्याच्या वड्यांचा वास. बाईंनी नवी साडी नेसली होती. "बघता काय? बसा," म्हणाल्या, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. अ‍ॅकॉर्डियन गळ्यात अडकवताना पट्टा दोनदा सुटला.

एक जुनं गाणं घेतलं. बाई वाजवत होत्या तशा मी त्यांना कधी वाजवताना ऐकलं नव्हतं, अगदी हळू, कडेकडेने. गाणं संपलं. भाता मिटला. खोली एकदम गप्प झाली, आणि बाईंनी मान खाली घातली.

तेवढ्यात फारूक खोकला. मग मी खुर्ची सरकवली, फरशीवर कर्रकन आवाज येईल अशी.

बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे.

"शेख," त्या म्हणाल्या, "खोकला खोटा आहे."

"हो, बाई."

"अहिरे, माझी फरशी खरवडली."

"सॉरी, बाई."

त्यांनी पदराने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग तो नाकावर नीट बसवला, भाता पुन्हा उघडला आणि म्हणाल्या, "चला. आता दुसरं."