नळीवरचा बूट

अतिदक्षता विभागातला मॉनिटर चापट खाल्ल्याशिवाय चालत नसे. डाव्या अंगाला एक चापट दिली की पेशंटची नाडी दिसायची, आणि ऐन मोक्याला पुन्हा पडद्यावर अंधार. सिस्टरांची अर्धी नोकरी त्याला बडवण्यात गेली होती. त्यामुळे तातडीच्या उपचारांच्या प्रशिक्षणानंतरच्या परीक्षेत हॉस्पिटल पास झालं तरच नवा मॉनिटर मिळणार, नाहीतर तो दुसऱ्या हॉस्पिटलला जाणार, हे कळल्यावर त्या कंबर कसून कामाला लागल्या.

शिकवायला बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. सरावाचा रबरी पुतळा हॉस्पिटलच्या ऐपतीबाहेरचा, म्हणून एका उशीला शर्ट चढवला आणि तिचं नाव पडलं उशीराव. उशीरावांची छाती दाबायची, तोंडावर मास्क धरून ऑक्सिजनची पिशवी दाबत राहायची, वगैरे.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," मॅडम म्हणाल्या, "जे सांगितलं जाईल ते आधी मोठ्याने परत म्हणायचं. मग करायचं. मग केलं म्हणून सांगायचं. 'मला वाटलं तुम्ही केलं असेल' या एका वाक्यापायी किती पेशंट गेलेत!"

अडचण डॉक्टरांची होती. माणूस हुशार, हाताला गुण, पण आवाज ओठांबाहेर पडायला तयार नाही.

"डॉक्टर, जरा मोठ्याने!"

"मोठ्यानेच बोलतोय की," डॉक्टर पुटपुटले.

शेवटी मॅडमनी नाद सोडला. "सिस्टर, तुम्ही त्यांच्या शेजारी उभ्या राहा. ते जे पुटपुटतील ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा. गाळायचं नाही, बदलायचं नाही. तिथे डोकं चालवायचं नाही."

"डोकं चालवायचं नाही. ऐकलं!" सिस्टर म्हणाल्या.

हे व्रत त्यांनी घरीही पाळलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पंखा बारीक कर," की यांचं खणखणीत, "पंखा बारीक करायचा. ऐकलं! केला!" सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत या घरात आपलं कुणीतरी ऐकतंय, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. नवऱ्याला मात्र रात्री झोपेत "ऐकलं!" ऐकून दचकायची सवय लागली.

परीक्षेच्या दिवशी हॉस्पिटलचे मोठे साहेब जातीने हजर राहिले. साहेबांच्या डोक्यावर एकही केस नव्हता आणि हा विषय हॉस्पिटलात कुणी काढत नसे. एकदा त्यांच्यासमोर "आज उजेड जास्त वाटतोय" म्हणाल्याबद्दल एका कारकुनाची बदली झाली होती, अशी वदंता होती. साहेब सोबत आणलेल्या फोटोवाल्यासह तडक आत घुसले आणि फोटोत नीट येऊ अशा बेताने खाटेजवळ उभे राहिले.

उशीराव अत्यवस्थ झाले. डॉक्टर पुटपुटले, सिस्टर गरजल्या, आणि सिलिंडरजवळ उभे असलेले वॉर्डातले मामा, ज्यांनी उभ्या आयुष्यात पोती आणि पेशंट सारख्याच सहजतेने उचलले होते, त्यांनीही गर्जून उत्तर दिलं.

"ऑक्सिजन पूर्ण सोडा!"

"पूर्ण सोडतो! सोडला!"

सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. तेवढ्यात डॉक्टरांच्या लक्षात आलं, की ऑक्सिजनची पिशवी फुगतच नाहीये. त्यांनी नळीवरून नजर नेली. नळी एका चकचकीत काळ्या बुटाखाली गेली होती आणि बुटात साहेब होते. डॉक्टर अगदी स्वतःशीच पुटपुटले, "या टकल्याला हलवा रे कुणीतरी."

सिस्टर उशीरावांची छाती दाबण्यात गुंग होत्या. मानही वर न करता त्या गरजल्या, "टकल्याला हलवा!"

"टकल्याला हलवतो!" मामांनी खोलीभर नजर फिरवली. फारसं शोधावं लागलं नाही. त्यांनी साहेबांच्या काखांत हात घालून त्यांना अलगद उचललं, दाराबाहेर ठेवलं आणि ओरडले, "हलवला!"

पिशवी टम्म फुगली. बाकी सगळ्यांचे श्वास अडकले.

"मेलो," डॉक्टर पुटपुटले.

"मेलो! ऐकलं!" सिस्टर.

"आता बदली नक्की."

"आता बदली नक्की! ऐकलं!"

"मीही ऐकलं!" दाराबाहेरून साहेब ओरडले.

आता कुठे सिस्टरांनी मान वर केली. दारातलं ते लालबुंद डोकं दिसलं आणि त्यांना नवा मॉनिटर दुसऱ्या हॉस्पिटलच्या दिशेने जाताना स्पष्ट दिसला. इतके दिवस घसा फोडला तो यासाठी? त्यांना रडूच कोसळायचं बाकी होतं.

पण मॅडम टाळ्या वाजवत दाराकडे निघाल्या. "साहेब, काय युक्ती केलीत! मोठा माणूस नळीवर पाय देऊन उभा असतो आणि त्याला हलवायची कुणाची छाती होत नाही. बहुतेक हॉस्पिटलं इथेच नापास होतात. तुम्ही मुद्दाम उभे राहिलात ना?"

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं, फोटोवाल्याकडे पाहिलं आणि कोट झटकला. "म्हणजे काय! मुद्दामच."

"आणि तो शब्दही आधी ठरवलेला?"

साहेबांचा हात डोक्याकडे गेला. "ठरवलेलाच."

मॉनिटर आला. डॉक्टरांची बदली काही आली नाही, पण कॉरिडॉरमध्ये साहेब दिसले की ते पेशंट नसलेल्या खोलीतही राउंडला शिरत.

मग एका दुपारी खराखुरा उशीराव आला. धाप लागलेला एक म्हातारा आणि मागे रडणारी त्याची बायको. गलका ऐकून साहेबही आत आले. डॉक्टर पुटपुटत होते, सिस्टर गरजत होत्या, मामा धावत होते. साहेबांनी विचारण्यासाठी तोंड उघडलं, "काय झा..." आणि त्यांची नजर सहज खाली गेली. बुटाशेजारून हिरवी नळी चालली होती.

साहेब दोन पावलं मागे सरले, भिंतीला चिकटले आणि डॉक्टरांनाही जमलं नसतं इतक्या हळू पुटपुटले, "टकल्या हलला."

"हलला! ऐकलं!" सिस्टर मानही वर न करता गरजल्या. नव्या मॉनिटरवर म्हाताऱ्याची नाडी ठळक चालली होती, कुणी चापट न मारता.