चारही दिवे म्हणजे सरळ

दादाराव भगत गाडी सुरू करण्याआधी तिची हजेरी घेत. गाडीभोवती फिरत एकेका दिव्यासमोर थांबायचं, त्याचं नाव घ्यायचं आणि तो लागलेला दिसला की मान हलवून पुढं सरकायचं. नंबरप्लेटवरचा धरून बावीस दिवे. ब्रेकचे दिवे मात्र एकट्या माणसाला तपासता येत नाहीत, कारण पाय पुढं असतो आणि दिवा मागं. त्यासाठी शेजारी लागतो. दोन वर्षं तो शेजारी मी होतो.

“बसा जी. दाबा. सोडा. दाबा.” मागून त्यांचा आवाज यायचा. “डावा हाय. उजवा हाय. वरचा काचातला हाय. उतरा आता, चहा घ्या.”

पाहणाऱ्यांना ती पूजा वाटे. कोणी नारळ कधी फोडणार म्हणून विचारी. दादाराव पुढच्या दिव्याकडं सरकत.

बाभुळगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी यवतमाळच्या एका दैनिकात उपसंपादक होतो, निवृत्त झाल्यावर गावी परतलो. दादाराव एसटीचे ड्रायव्हर होते. एकतीस वर्षांत एकही अपघात नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत, त्यांच्या पत्नी कमलाबाई सांगत.

गाडी आली ती कमलाबाईंसाठी. त्यांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. आठवड्यातून तीन दिवस यवतमाळला डायलिसिस. चार तास यंत्राला जोडून ठेवतात आणि सोडतात तेव्हा बाईंच्या पायात उभं राहण्याचं बळ नसतं. सुरुवातीला दोघं एसटीनं जात. एकदा परतताना बसमध्ये जागा मिळाली नाही आणि दांडीला धरून उभ्या असलेल्या कमलाबाई तिथंच कोसळल्या. पुण्याच्या मुलानं पुढच्या महिन्यात गाडी घेऊन दिली. तेव्हापासून गाडी नीट चालणं आणि बाईंचं जगणं या दोन वेगळ्या गोष्टी राहिल्या नाहीत.

गाडीबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. दादारावांनी ते माझ्या पुढ्यात ठेवलं.

“तुम्ही पेपरात इंग्लिशचं मराठी करत होते ना? मंग हे करा. सगळं नाही पायजे. फक्त लाईटचं.”

रोज संध्याकाळी एक परिच्छेद, असं ठरलं. मी वाचायचो, ते गाडीत बसून करून पाहायचे. स्टेअरिंगच्या उजव्या दांडीचं टोक फिरवलं की आधी छोटे दिवे लागतात, मग मोठे, शेवटी ‘ऑटो’. दांडी पुढं ढकलली की उजेड लांब पडतो, आपल्याकडं ओढून सोडली की उजेड एकदा चमकून जातो, तो डिपर. ऑटोवर ठेवलं तर काचेमागचा सेन्सर अंधार ओळखतो आणि दिवे आपोआप लागतात. हे ऐकून ते खाली उतरले.

“अंधार पडला का नाही, हे गाडी ठरवन? मंग मी कायले बसलो तिथं?”

ऑटो त्यांनी कधीच वापरलं नाही. दिवे आपोआप लागणं त्यांना उद्धटपणा वाटे. “लाईट म्हणजे गाडीचं तोंड हाय जी. आमच्या टायमाले समोरच्यानं एक डिपर मारला म्हणजे ‘मी येऊन राह्यलो’. दोन मारले म्हणजे ‘तू ये, मी थांबतो’. पुलावर दोन गाड्या आल्या तर बोलणं होऊन जाय. आताच्या गाड्या तोंड उघडं टाकून फिरतात, बोलत काहीच नाही.”

पुस्तकातल्या दोनच गोष्टी त्यांनी मान्य केल्या. एक, उजेडाची उंची कमी-जास्त करणारं छोटं चाक. ते त्यांनी सगळ्यात खाली नेऊन ठेवलं, कारण दुसऱ्याच्या डोळ्यात उजेड मारणाऱ्याला ते ड्रायव्हर समजत नसत. दुसरी, गाडी बंद केल्यावरही अर्धं मिनिट जळत राहणारे पुढचे दिवे. हिवाळ्यात ते परत येत तेव्हा अंधार पडलेला असे. दादाराव गाडी फाटकासमोर अशी लावत की उजेड थेट ओसरीवर पडावा. कमलाबाई त्या उजेडात एकेक पाऊल टाकत दारापर्यंत जात. अर्धं मिनिट पुरत नसे. दादाराव दिवे पुन्हा लावत, कधी तीनदा.

भांडण झालं ते लाल त्रिकोणाच्या बटणावरून. ते दाबलं की चारही इंडिकेटर एकदम उघडझाप करतात. पुस्तकात लिहिलं होतं की गाडी बंद पडली किंवा रस्त्यात धोक्याच्या जागी थांबवावी लागली, तरच हे बटण वापरावं. दादाराव ते प्रत्येक चौकात दाबत.

“डावं दिलं म्हणजे डावीकडं. उजवं दिलं म्हणजे उजवीकडं. दोन्ही दिले म्हणजे सरळ. यात काय समजत नाही तुमच्या पुस्तकाले?”

“सरळ जायचं असेल तर काहीच द्यायचं नाही, असं आहे.”

“काहीच नाही दिलं तर समोरच्याले काय समजन? का ड्रायव्हर झोपला हाय?”

मी तो परिच्छेद तीन वेळा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेऊन मिटलं. निम्मा जिल्हा चौकात असंच करतो, हे खरं आहे. मी विषय सोडून दिला.

पुढं पुढं त्यांनी भरदुपारीही मोठे दिवे लावून गाडी चालवायला सुरुवात केली. आपल्याकडं दिवसा कोणाचा दिवा लागलेला दिसला की समोरचा माणूस हाताची बोटं उघडून मिटून खूण करतो. मोटरसायकलवाले, चहाच्या टपरीवरची माणसं, शाळेतून घरी जाणारी मुलं, सगळे दादारावांना बोटं उघडून मिटून दाखवत. ते कोणाकडं बघतही नसत. गावात बोललं जाऊ लागलं की मुलाच्या गाडीनं दादारावांना शेफारून ठेवलं. मी विचारलं तर म्हणाले, “मले दिसो न दिसो, मी दिसलो पायजे.” मला ते वाक्य आवडलं. मी ते दोन-तीन ठिकाणी सांगितलंही.

गावाला आणखी एक करमणूक होती. कमलाबाई पुढच्या सीटवर बसत आणि बाभुळगाव ते यवतमाळ त्यांचं तोंड बंद नसे. “डावीकडून बैलगाडी येऊन राह्यली. उजवीकडं मोटरसायकल घुसली. डाव्या अंगाले पोट्टे हायेत, हळू घ्या.” दादाराव म्हणत, “गप बस वो, मले दिसून राह्यलं.” त्या म्हणत, “दिसून राह्यलं तर हॉर्न काहून नाही वाजवत?” लोक म्हणत, गाडी बाईच चालवते, दादाराव नुसते स्टेअरिंग धरून बसतात. आम्ही सगळे हसायचो.

एका शुक्रवारी मला यवतमाळला पेन्शनचं काम होतं. मी त्यांच्याबरोबर निघालो. आदल्या दिवसापासून कमलाबाईंच्या पायावर सूज होती.

“मले पुढंच बसू द्या,” त्या म्हणाल्या.

“वहिनी, मागं पाय लांब करून पडा. पुढं मी बसतो,” मी म्हणालो. त्यांनी एकदा दादारावांकडं पाहिलं. दादारावांनी मागचं दार उघडलं. बाई मागं बसल्या. मी शहाणपणा केला, या समजुतीत पट्टा लावला.

दुपारचा एक वाजला होता. यवतमाळच्या अलीकडच्या एका चौकात समोरून गुरं आडवी गेली म्हणून दादाराव थांबले. चारही इंडिकेटर चालू होते. डावीकडच्या रस्त्याच्या तोंडाशी स्कूटी घेऊन एक कॉलेजची मुलगी उभी होती. ती जिथं होती तिथून तिला गाडीची डावी बाजू तेवढी दिसत होती, आणि डावा दिवा उघडझाप करत होता. गाडी डावीकडं वळणार असा तिनं अर्थ लावला. दिव्याचा तोच अर्थ होतो. ती पुढं निघाली. त्याच वेळी दादाराव सरळ निघाले. मला ती दिसली, पण सांगायची माझी सवय नव्हती. मागून कमलाबाईंनी “डावीकडं!” म्हटलं तोवर स्कूटीच्या मागच्या चाकाला बंपर लागला होता.

मुलगी पडली, उठली. गुडघा सोलून निघाला होता. बाकी काही नाही.

दोन मिनिटांत वीस माणसं जमली. एका पानटपरीवाल्यानं दादारावांना ओळखलं. जुने एसटीवाले म्हणून त्यांना तिथं मान होता.

“काहून वो पोरी, डोयानं दिसत नाही का तुले?” तो म्हणाला. “चारही लाईट चालू हायेत. पुढचे बी चालू हायेत. आणखी काय मशाल लावून चालवतीन का गाडी?”

“डावं इंडिकेटर चालू होतं,” मुलगी म्हणाली. तिला रडू येत होतं. “मले वाटलं काकाजी वळून राह्यले.”

“काकाजीनं एकतीस वर्षं बस चालवली. तू कालची आली.”

लोक हसले. सगळा चौक दादारावांच्या बाजूचा होता. खाली न उतरता त्यांना तसंच निघून जाता आलं असतं. लायसन्स आणखी दीड वर्ष चालणार होतं. मागच्या सीटवर बायको होती आणि तिची यंत्राची वेळ दोनची होती.

दादाराव खाली उतरले. बोनेटला हात लावून उभे राहिले.

“तिले दिसते,” ते म्हणाले. “मले दिसत नाही.”

पानटपरीवाल्याला वाटलं, ते विनोद करताहेत.

“काचबिंदू हाय. आठ महिने झाले. समोरचं दिसते, बाजूचं गेलं. पोरीची चूक नाही. तिले दवाखान्यात न्या कोणी.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की कमलाबाई आजवर कधी समोरचं काही सांगत नव्हत्या. फक्त डावीकडचं आणि उजवीकडचं. हे मी कितीतरी वेळा कानांनी ऐकलं होतं.

मग दादारावांनी किल्ली माझ्यापुढं धरली. मला गाडी चालवता येत नाही. दिव्यांचं सबंध प्रकरण मी मराठीत आणलं होतं, पण गियर कसा टाकतात हे मला माहीत नव्हतं. गाडी कोणीतरी कडेला लावून दिली. कमलाबाईंना आम्ही रिक्षानं नेलं. निघताना पाहिलं, चारही इंडिकेटर चालूच होते. गाडी आता थांबलेली होती, त्यामुळं पुस्तकाप्रमाणे ते बरोबर होतं.

मुलानं फोनवर ड्रायव्हर ठेवायला सांगितलं. ठेवला. पंधरा दिवस आला आणि कापसाचा हंगाम लागताच मारेगावकडं ट्रकवर निघून गेला. दुसरा मिळाला नाही. दिवाळीला मुलगा आला. गाडी उभी राहून खराब होते, म्हणाला, आणि पुण्याला घेऊन गेला. ही गाडी तुमच्यासाठीच होती, असंही म्हणाला. दादारावांनी त्याला दिवे ऑटोवर ठेवू नको म्हणून बजावलं. तो हसला.

आता पुन्हा एसटी. शुक्रवारी मी सोबत जातो. परवा साडेसहाला आम्ही यवतमाळच्या स्टँडवर होतो. कमलाबाई फलाटावर पिशवीला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटून. बाभुळगावची बस शिरली आणि थांबायच्या आत गर्दी दाराशी धावली. लोक खिडक्यांतून रुमाल, पिशव्या आत टाकून जागा धरू लागले. नोकरीत असताना असे रुमाल दादाराव स्वतः बाहेर फेकून देत. परवा ते बसच्या आवाजाच्या दिशेनं पळाले. एका हातानं पत्रा चाचपत खिडकीपर्यंत पोचले, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि वर फेकला.

दुपट्टा खिडकीच्या दांडीला लागला आणि चाकाजवळ खाली पडला.

“पडला का जी आत?” त्यांनी विचारलं.

“पडला,” मी म्हणालो.

मी तो उचलला, झटकला आणि कोपरं मारत दारातून आत शिरलो. तिसऱ्या रांगेत एक जागा उरली होती. तिच्यावर दुपट्टा टाकून मी हात ठेवून उभा राहिलो. उघड्या खिडकीतून त्यांचा आवाज येत होता.

“उठ वो. सीट भेटली. खिडकीची हाय. घाई नको करू, उठ हळू.”