हिंदुरावांच्या मानेवरील मोहीम आणि कुरडयांचा मुकदमा

हे वाचून कोणी खरे मानणार नाही. मानील त्यास आम्हीच खुळा म्हणू. तथापि घडले ते येणेप्रमाणे.

श्रीमंत शालनबाईसाहेब, आमचे कुटुंब, यांनी चऱ्होली मुक्कामी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या आणि आम्हां हिंदुरावांस, चाकणच्या कंपनीतून निवृत्त जाहलेल्या बहाद्दरास, कावळ्यांवर नामजाद केले. सायंकाळी पाहतात तो निम्म्या कुरडया नाहीशा. मग फर्मान निघाले की, कसूर शाबीत झाल्यास पुढील चीक हिंदुरावांनी घाटावा आणि सोऱ्याही त्यांनीच फिरवावा. ताथवड्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकणारी नात दिव्या पंच नेमली. मुकदमा उभा राहीतो आमच्या मानेची साल सुटू लागली होती. तीच पुढे करून आम्ही बयान दिले.

आम्ही दुपारभर उभे राहून गनीम कावळ्यांशी लढत असता सूर्याने दगा करून मानेवर घाला घातला, आणि उन्हाचे तीर एका पेशीच्या गाभ्यापर्यंत गेले, आणि तेथे वंशाचा मूळ मसुदा होता त्याच्या चिंध्या जाहल्या. मग डागडुजीचे कारागीर धावले, शिकस्त केली, इलाज न चाले. आणि पेशी तर मरावयास राजी नाही. म्हणे, आम्ही अशाच फाटक्या वाढू, दोहोंच्या चार होऊ. तसे होते तर गाठ उभी राहून तमाम मुलूख बुडता.

त्या पेशीत मुदपाकखान्याचे सरदार मायटोकॉन्ड्रिया नामे होते. रात्रंदिवस साखर जाळून शक्ती शिजवावी, तिन्ही शिफ्टला हजर, ओव्हरटाइम मागणे ठाऊक नाही. लोकांस वाटे, हे निव्वळ आचारी. परंतु पेशीच्या मरणाची किल्ली यांचेच कमरेस. मग खलबत बसले. राखा म्हणणारे एकीकडे, मारा म्हणणारे दुसरीकडे, आणि मारा म्हणणाऱ्यांची सरशी होऊन त्यांनी मुदपाकखान्याच्या भिंतीस भोके पाडिली. मग आत चुलीशी राबणारा सायटोक्रोम नामे गडी बाहेर पडला तो जासूदच जाहला, आणि त्याची वर्दी पोहोचताच निजलेले मारेकरी जागे होऊन आतले खांब कापीत सुटले.

येथे पंचांनी टोकले, "आबा, इथवर खरंय. पुढं फेकू नका."

आम्ही कशास फेकू? पेशीने बंड सोडिले, अंग आवळले, आपलेच तुकडे पुडक्यांत बांधून ठेविले, ते शेजारणींनी गिळून पचविले, आणि ना दुर्गंध ना बोभाटा, आळीत कोणास कळले नाही. आम्हांस मात्र कळले, कारण प्राण सोडताना पेशीने निरोप धाडिला की, हिंदुराव, आमचे काय ते होवो, तुम्ही कुरडया सोडू नका.

"पेशी बोलली का आबा?"

"मराठीत बोलली, बाळ. चऱ्होलीची पेशी ती."

ऐशा हजारो पेशी कामी आल्या, त्यांची ही साल. मुलूख वाचला, कसूर कावळ्यांकडे गेली, हिंदुराव निर्दोष ठरले आणि मोहीम फत्ते जाहली, ऐसे दस्तुरखुद्द नमूद करीत असता शालनबाईसाहेब सुपातून मान वर न करता बोलत्या झाल्या,

"अहो, दुपारभर उभं व्हता, तर नाक कसं न्हाई भाजलं? मान भाजली, पोटऱ्याबी मागनंच भाजल्या. पालथं पडून घोरत व्हता तुमी. उठा, गहू आंबलेत."