बाळाच्या स्वेटरची डावी बाही

“मेली ही बाही कालच्यापेक्षा लांब झालीय, की माझं डोकं आखूड झालंय?”

सासूबाई हे सुयांना विचारत होत्या, मला नाही. पण त्यांच्या कोपराला कोपर लावून मी मटार सोलत बसले होते, त्यामुळे ऐकू आलं. मी मान वर केली नाही. एक शेंग तर मी दोनदा सोलली!

कारण त्या बाहीत माझा हात होता. आणि तरीही मला कोडं पडलं. आदल्या दुपारी मी ती उसवून आखूड केली होती. मग लांब कशी झाली?

थांबा, पहिल्यापासून सांगते.

नाजूक काम कुणाला न दुखावता पार पाडायचं असलं की आमच्या घरात ते माझ्याकडे येतं. जावयाला त्याच्या गाण्याबद्दलचं खरं मत मीच सांगितलं, आणि तो दिवसभर खूश होता! विणकामही माझं असंच, कुणी न शिकवलेलं. जुने स्वेटर उसवत उसवत, ते कसे विणले असतील हे उलटीकडून वाचत शिकले. त्यामुळे विणण्यापेक्षा उसवण्यात माझा हात जास्त तयार. हे मी पूर्वी फुशारकीने सांगायचे. आता नाही सांगत.

सासूबाईंच्या हातांना मात्र रिकामं बसताच येत नाही. सकाळी कणीक, दुपारी लोकर, संध्याकाळी परत कणीक. चार माणसं जेवणार असली की त्या पाच जणांचं रांधतात, आणि पाचवं माणूस खरोखरच दारात उभं राहतं! कुणी ‘अजून वाढा’ म्हणावं, कुणाच्या तरी अंगात आपला स्वेटर दिसावा, एवढ्यावर त्या सुखी. इतक्या स्वस्तात सुखी होणाऱ्या माणसाला दुःखी करायला खरं तर फार मेहनत लागते. ती आम्ही घेतली.

माझ्या लेकीला त्या भिंगरी म्हणतात. लहानपणी ती एका जागी ठरायची नाही म्हणून. भिंगरी आणि जावई आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात. तिला नववा महिना लागला होता आणि जिना उतरताना आधी पोट यायचं, मग ती. तिच्या बाळासाठी सासूबाईंनी पिवळ्या लोकरीचा स्वेटर विणायला घेतला होता. पाठ झाली, पुढचे भाग झाले, उजवी बाही झाली. घोळ झाला तो डाव्या बाहीशी.

सासूबाईंना दिसेनासं झालं होतं.

हे मी तुम्हाला सांगतेय. घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं! चहा कपाच्या शेजारी ओतला जायचा. खुंटीवरच्या कोटाला त्या म्हणायच्या, “असा उपाशी जाऊ नकोस रे.” आणि आम्ही म्हणायचो, “आई, बल्ब मंद झालाय.” मग बल्ब बदलायचा. पुन्हा काही सांडलं की आणखी मोठा बल्ब! शेवटी स्वयंपाकघरात एवढा लख्ख उजेड झाला की समोरच्या बिऱ्हाडाने पडदे घेतले, आणि टोपलीतल्या टोमॅटोंना वाटलं, आपण अजून शेतातच आहोत.

का नाही बोललो? त्याला कारण होतं. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीला तिच्या घरच्यांनी एकदा सांगून टाकलं की आता तुला दिसत नाही. त्याच दिवशी तिच्या हातातली सुरी गेली. मग किटली गेली, मग सुया. मायेनेच हो! खिडकीपाशी तिला मऊ गादीची खुर्ची दिली. त्या खुर्चीतून ती पुन्हा उठलीच नाही. बहिणीला भेटून आल्या की सासूबाई दोन दोन दिवस बोलायच्या नाहीत. म्हणून तो विषयच आमच्या घरातून हद्दपार.

तर एका दुपारी सासूबाई आडव्या झाल्या होत्या, आणि पिशवीतून बाही बाहेर डोकावत होती. बघते तर मधला एक टाका सुटलेला! सुटलेला टाका कधी एकटा जात नाही. शाळेतून पळणाऱ्या कार्ट्यासारखा खालच्या ओळीतल्या दोस्तांनाही घेऊन जातो. चांगलं बोट जाईल एवढं भोक पडलं होतं.

मी म्हटलं, हे काम आपलं! गुपचूप उसवायचं, तेवढाच भाग नीट विणायचा, सुया होत्या तिथे, पिशवी होती तशी. कानोकान खबर नाही, आणि सासूबाईंचं मन शाबूत.

रोज दुपारी माझा हाच उद्योग सुरू झाला. कधी वेळ पुरायचा, कधी उसवून होईस्तोवर त्यांनी कूस बदलल्याची चाहूल लागायची आणि बाही तशीच आखूड ठेवून मी पळायचे. त्यांचा हात घट्ट, माझा सैल, एवढाच काय तो फरक. पण दिसतंय कुणाला, असं मी मनात म्हणाले.

हे वाक्य मला अजून टोचतं.

आणि आता बाही लांब झाली होती. मी संध्याकाळी यांना गाठलं. आमचे हे घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू फिरवत बसतात.

“अहो, आईंची बाही तुम्हाला लांब वाटते का?”

“मला काय कळतंय लोकरीतलं!” हे जरा जास्तच जोरात म्हणाले. हातातला स्क्रू उडाला. तो आम्ही जेवणाच्या वेळेपर्यंत शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी सासूबाई बाहीवरून बोटं फिरवत होत्या. आंधळी कोशिंबीर खेळताना समोरच्याचा चेहरा चाचपतात ना, तशी. फिरता फिरता बोटं थांबली.

“गाठ?” त्या म्हणाल्या. “मी विणताना गाठ मारली? आणि ही दुसरी! ही तिसरी! इथे घट्ट, इथे चाळणीसारखं सैल, इथे पुन्हा भलतंच. अगं, खरं सांग, माझ्या विणकामाला कुणी हात लावला का?”

सांगायची वेळ हीच होती! अगदी ताटात वाढून समोर आली होती. आणि मी, नाजूक कामांची मानकरी, काय म्हणाले? हसून म्हणाले, “काहीतरीच काय आई! तुमच्या विणकामाला हात लावायची कुणाची छाती आहे?”

त्यांनी भिंगरीला विचारलं. ती म्हणाली, “मी? आजी, मला माझ्या पायाची बोटंही दिसत नाहीत सध्या!” यांना विचारलं. हे म्हणाले, “आई, मी बापडा घड्याळवाला.”

तिघांनीही नाही म्हटलं. मग राहिलं कोण? त्या स्वतःच.

सासूबाईंनी स्वेटर पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड आवळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या नाहीत. मी चहा घेऊन गेले तर खिडकीपाशी खुर्ची ओढून बसलेल्या. खुर्ची आम्ही दिली नव्हती हो! एवढं जपलं होतं आम्ही! त्यांनी आपली आपणच ओढून घेतली.

“आई, बरं वाटत नाही का?”

“बरी आहे. पण जिला आपलं विणलेलं आठवत नाही, तिने विस्तवाजवळ जाऊ नये. गॅस चालू ठेवून विसरले तर? आजपासून तूच बघ.”

मी म्हटलं, अहो नाही, अहो तसं काही नाही. पण ‘तसं काही नाही’ का, ते सांगायची तयारी कुठे होती माझी? तोंड उघडलं आणि चहात साखर कमी आहे का, एवढंच विचारलं!

त्या दिवसापासून घर माझ्या हाती जेवू लागलं. मी सूप केलं. हे बराच वेळ ताटलीकडे बघून म्हणाले, “चव छान आहे. हे प्यायचं, की कापायचं?” जावयाला अचानक ऑफिसात उशिरापर्यंत काम निघू लागलं. पाचवं माणूस दारात यायचं बंद झालं. भिंगरी पोटावर हात ठेवून म्हणायची, “मम्मी, बाळसुद्धा लाथा मारतंय.” आम्ही हसायचो, आणि मग नजर खिडकीकडे जायची. सासूबाईंचे हात मांडीवर उताणे पडलेले असायचे. ते हात मी तसे कधीच पाहिले नव्हते. दुसऱ्याच कुणाचे तरी त्यांच्याकडे ठेवायला दिल्यासारखे दिसायचे.

एका सकाळी त्या म्हणाल्या, “मला डॉक्टरकडे न्या.”

“कशाला आई?”

“डोकं तपासून घ्यायला. भिंगरीचं बाळ येईल, सगळे म्हणतील आजी, घ्या मांडीवर. मी घेईन, आणि कुठे ठेवलं तेच विसरेन. त्याआधी मला कळू दे. नाहीतर मी त्याला हात लावणार नाही.”

सांगायची वेळ पुन्हा ताटात आली होती. तरीही मी काय केलं? चप्पल शोधली!

आमच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना म्हणजे एक टेबल, एक बाक आणि भिंतीवर दातांचं चित्र. आम्ही सगळेच गेलो. यांनी दुकान बंद ठेवलं, भिंगरी ‘मला चालायला सांगितलंय’ म्हणत आली. तिघंही बाकावर ओळीने बसलो, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आजी, आज वार कुठला?”

“गुरुवार. तुमचा उशिरा उघडायचा वार. बाहेर ताटकळले म्हणून पक्कं लक्षात आहे.”

“काल रात्री काय जेवलात?”

“सुनेने केलेलं सूप. विसरायचा खूप प्रयत्न करतेय, जमत नाहीये.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “अहो, डोकं तर माझ्यापेक्षा चोख आहे. विसरता काय नेमकं?”

सासूबाईंनी पिशवीचं तोंड सोडलं आणि तो पिवळा स्वेटर टेबलावर ठेवला. अरे देवा! एवढ्या दिवसांत मी तो पुरता उलगडून पाहिलाच नव्हता. उजवी बाही बाळाला बसेल अशी. डावी बाळाच्या बापाला! वर सशाच्या कानासारखी मऊ घट्ट वीण, मध्ये मासे पकडायचं जाळं, खाली कुणी लोकरीशी कुस्ती खेळल्यासारखा प्रकार, आणि जागोजागी इवल्या इवल्या गाठी, मोहरी सांडल्यासारख्या.

“हे मी विणलंय,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढासा झाला होता. “आणि यातलं निम्मं मला आठवत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी बाही उलटसुलट केली, ताणली, उजेडाला धरली. मग चष्म्यावरून बाकाकडे पाहिलं.

“हे किती जणांनी विणलंय?”

यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “हे मागे पडतंय, बरं का डॉक्टर. आणून द्या एकदा.”

भिंगरी पोट धरून म्हणाली, “मला कळ आल्यासारखी वाटतेय.”

“खोटी कळ आहे,” डॉक्टरीणबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या.

मी टेबलावरचं पाणी प्यायले. ते थर्मामीटर बुडवून ठेवायचं होतं, हे नंतर कळलं.

आणि मग माझ्याच्याने राहवेना. “आई, ते जाळं माझं आहे. दुपारी तुम्ही झोपलात की टाका सुटलेला दिसायचा, मी उसवून परत विणायचे.”

“मम्मी, तू?” भिंगरी उडालीच. “म्हणून रोज सकाळी बाही कमी भरायची! मी ओळी मोजायचे, कमी दिसल्या की मोबाईलवर बघून बघून घालायचे! आजी स्वयंपाकघरात असताना.”

“म्हणजे ती कुस्ती तुझी?” मी म्हटलं.

“तुम्ही दोघींनी?” आमचे हे हळूच म्हणाले. “मग मी संध्याकाळी भोकं बुजवत बसायचो, ती कुणाची?”

“तुम्ही? तुम्हाला विणता येतं?”

“विणता कुठे येतं! चिमट्याने टाका पकडायचो आणि गाठ मारायचो.”

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. एका घरात, एका बाहीवर, तीन पाळ्यांत कारखाना चालला होता, आणि कामगारांची एकमेकांशी ओळख नव्हती! एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. पण सासूबाई अजून बाहीवर हात ठेवून बसल्या होत्या.

“म्हणजे मी विसरत नाही?”

“नाही आई.”

“माझं डोकं जागेवर आहे?”

“जागेवर आहे आई,” हे म्हणाले. यांचा आवाज चिरकला.

“सुटला टाका तर सुटला,” सासूबाई सावकाश म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी विणायला घेतलं की आधी बोटं फिरवते मी सगळीकडून. भोक लागतं बोटाला. मीच उचलून घेते तो टाका. आजवर असेच उचललेत. तुम्हाला एक रात्रसुद्धा थांबता आलं नाही?”

यांनी चिमटा धरायची बोटं खिशात लपवली.

“खिडकीत बसून मी रोज स्वतःची परीक्षा घ्यायचे. शेजाऱ्यांची नावं, तुझ्या लग्नातले पाहुणे, भिंगरीचे दात कुठल्या क्रमाने पडले ते. सगळं आठवायचं, आणि तरी भीती जायची नाही. आणि तुम्ही तिघं समोरून ये-जा करत होतात.” त्या थांबल्या. “का केलंत असं? आं? सांगा ना. का?”

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने दातांच्या चित्राकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई पेनाचं टोपण काढत होत्या आणि लावत होत्या. उत्तर चौघांनाही ठाऊक होतं.

मी धीर केला. “आई, त्याचं असं झालं, की तो स्वयंपाकघरातला बल्ब...”

“बल्बचं नाव काढू नकोस!” सासूबाई कडाडल्या. टेबलावरची पेनं हलली. मग त्यांनी आमच्या तिघांच्या दिशेने, जिथे आम्ही असू असं त्यांना वाटलं तिथे, दातांच्या चित्राकडे, तोंड वळवलं.

“मला दिसत नाही! केव्हापासून दिसत नाही! तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही. पण डोळे तर माझे गेलेत ना रे, मग तुमची तोंडं कुठे गेली होती?”